छत्रीचे आत्मवृत्त आणि मुलांची लेखणी

गोदावरीकाठच्या बासर क्षेत्री ज्यांच्या मुलांचा अक्षराभ्यास झाला, अशी कुटुंबे आपल्या वाचकवर्गात पुष्कळ असतील. बासर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडते, पण आपल्या बोलण्यात ते अजून आदिलाबादचेच आहे. वसंत पंचमीला तेथे रांग लागते. तेलुगू घरांतली मुले असतात, तशीच नांदेडकडून आलेली मराठी मुलेही असतात. मूल वडिलांच्या मांडीवर बसते, त्याचे बोट वडिलांच्या किंवा गुरुजींच्या मुठीत असते, आणि पाटीवर अथवा तांदळात पहिले अक्षर उमटते. ते अक्षर कोणाच्या हातचे, असा प्रश्न त्या मंगल प्रसंगी कोणी विचारीत नाही आणि विचारूही नये. परंतु तेच मूल चौथी-पाचवीत जाते, चार ओळी सलग लिहू लागते, त्या वेळी तो प्रश्न विचारणे भाग पडते. बोट सुटले आहे की अजून मुठीतच आहे?

हा प्रश्न आम्हांला सुचला तो स्वतःच्याच चुकीतून. आमच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी प्राथमिक वर्गांतील मराठी मुलांसाठी आत्मवृत्तलेखनाची स्पर्धा ठेवली. ‘माझी गोष्ट’ असा विषय दिला. आलेल्या निबंधांपैकी बरेचसे एकाच साच्यातून काढलेले होते. सुसंस्कृत कुटुंबात झालेला जन्म, आईवडिलांचे न फिटणारे ऋण, मोठेपणी डॉक्टर होऊन देशसेवा करण्याचा संकल्प. आम्ही त्यांतल्या त्यात नेटक्या निबंधाला पहिले पारितोषिक दिले. तो निबंध मुलाच्या काकांनी लिहून दिला होता हे मागाहून कळले. खुद्द काकांनीच ते कौतुकाने सांगितले. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. एका मुलीने आजीबरोबर वावरात कापूस वेचायला गेल्याचे लिहिले होते. मजकूर छापताना आमच्यापैकीच एकाने ‘वावर’ खोडून ‘शेत’ केले, ‘माय’ची ‘आई’ केली आणि शेवटी श्रमाचे महत्त्व पटल्याचे एक वाक्य जोडून दिले. छापील अंक त्या मुलीच्या हाती दिला तेव्हा तिने तो वाचला आणि हे कोणी लिहिले आहे, असे विचारले.

स्पर्धेचा दोष आम्ही मुलांवर किंवा त्यांच्या शिक्षकांवर ढकलणार नाही. मुलांनी जे वाचले तेच लिहिले. तेव्हा प्राथमिक शाळेत आत्मचरित्र म्हणून आपण मुलांना काय वाचायला देतो आणि काय लिहायला लावतो, हे तपासून पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

मराठी शाळेत ‘आत्मवृत्त’ हा शब्द मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो बहुधा निर्जीव वस्तूच्या संदर्भात. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, मोडक्या छत्रीचे आत्मवृत्त, वठलेल्या वडाची कैफियत, शाळेच्या घंटेची आत्मकथा. पिढ्यान्‌पिढ्या हे विषय चालत आले आहेत. आम्ही लिहिले, आमच्या मुलांनी लिहिले, आता नातवंडे लिहीत आहेत, आणि निबंधमालांच्या पुस्तकांतून ते तयारही मिळतात. या निबंधाचे कथानक ठरलेले असते. छत्री कारखान्यात जन्मते, दुकानाच्या काचेआड मिरवते, कोणा हौशी मालकाच्या हाती पडते, दोन पावसाळे थाटात जातात, मग एक काडी मोडते, कापड विरते, अडगळीचा कोपरा नशिबी येतो, आणि तेथून ती माणसाच्या कृतघ्नपणाबद्दल चार खडे बोल ऐकवून निरोप घेते. हा साचा नीट पाहिला की लक्षात येते, हे एका म्हाताऱ्या माणसाचे गाऱ्हाणे आहे. वैभव, उतरण, उपेक्षा आणि उपदेश. नऊ वर्षांच्या मुलाने अजून उतरण पाहिलेली नसते. त्याला आयते वार्धक्य देऊन आपण बोलायला उभे करतो.

याहून मोठा दोष आहे तो क्रियापदांत. छत्री काहीच करीत नाही. तिला बनवले जाते, विकले जाते, उघडले जाते, टाकून दिले जाते. चार-पाच वर्षे असे निबंध लिहिलेले मूल जेव्हा स्वतःविषयी लिहू लागते तेव्हा तेही याच चालीवर लिहिते. माझा जन्म झाला, माझे नाव ठेवण्यात आले, मला शाळेत घातले गेले. त्या मुलाने त्या दिवशी शाळेच्या दारातून पळ काढला असेल, गुरुजींच्या धोतराला शाई लावली असेल, शेजारच्या तेलुगू मुलाशी चिंचेच्या बोटकांवरून मारामारी केली असेल; यांतले काही वहीत उतरत नाही, कारण छत्रीला यांतले काही करता येत नाही.

वस्तूने बोलावे ही कल्पनाच वाईट आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. इंग्रजी वाङ्मयात अठराव्या शतकात ही एक चालच पडली होती. १७६० साली चार्ल्स जॉन्स्टन याने एका सोन्याच्या नाण्याला बोलते करून तत्कालीन समाजाची झाडाझडती घेतली होती. १८७७ साली ॲना स्युएल या बाईंनी एका घोड्याचे आत्मचरित्र लिहिले, ते ‘ब्लॅक ब्यूटी’. ते पुस्तक टिकले, कारण त्या बाईंना घोडा ठाऊक होता. लगाम कोठे कापतो, मान वर बांधून ठेवली की चढावर दम कसा लागतो, खोगीर ओले राहिले की काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला सरकी निघताना पाहिलेल्या जिनिंगमधल्या एखाद्या गाठीला, किंवा पोळ्याच्या आदल्या रात्री खांदेमळणी झालेल्या बैलाला बोलते करू दिले, तर त्यात काही खरे उतरेल. छत्रीच्या निबंधात छत्रीही नसते आणि मूलही नसते.

आता वाचनाकडे वळू. मराठीत आत्मचरित्रांची संपदा मोठी आहे आणि शालेय वाचनात तिचे उतारे येतात, ही चांगली गोष्ट आहे. अडचण निवडीत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आत्मवृत्त’ या ग्रंथातला मुरूड ते सातारा हा पायी प्रवास सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेसाठी एवढी मजल मारून मुले साताऱ्यास पोहोचतात आणि धोंडो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू देत नाहीत. वर्गात हा प्रसंग सांगितला जातो तो चिकाटीचा धडा म्हणून. पण मुलाच्या दृष्टीने या प्रसंगाचा गाभा चिकाटीत नाही. एवढे चालून आल्यावर एका मोठ्या माणसाने नुसते तोंड पाहून नाही म्हटले, या अन्यायात तो आहे. प्रत्येक मुलाला असा एखादा अनुभव असतो. शिक्षकाने येथे थांबून मुलांना विचारले की तुमच्या बाबतीत असे कधी झाले काय, तर वर्गात वीस हात वर होतील. आपण थांबत नाही. तात्पर्य फळ्यावर लिहून पुढच्या पाठाकडे जातो.

‘श्यामची आई’बद्दल बोलताना आम्हांला जपून बोलावे लागेल, कारण या पुस्तकावर आपल्या घरांतल्या किती पिढ्या वाढल्या हे आम्ही जाणतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे आपल्या भाषेतील बालपणाच्या आठवणींचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ. त्यातील माया खरी आहे, दारिद्र्यही खरे आहे. तथापि मुलांच्या हाती लेखनाचा नमुना म्हणून ते ठेवले की एक गोष्ट घडते. श्याम रात्रीमागून रात्री आपली चूक सांगतो आणि आई ती सुधारते. मुले ही रचना पटकन उचलतात. त्यांना वाटते, आत्मचरित्र म्हणजे आपल्या चुकीची कबुली आणि मोठ्यांच्या शहाणपणाची पावती. मग ज्या दिवशी आईचीच चूक झाली होती तो दिवस कोठे लिहायचा? वाचायला ‘श्यामची आई’ अवश्य द्यावी, लिहायला नमुना म्हणून दुसरे काही द्यावे, असे आमचे मत आहे.

ते दुसरे काही आपल्याजवळ आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १८६८ साली जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी उतारवयात लिहिलेले आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मराठी गद्याचा तो एक मानदंड आहे हे समीक्षकांनी पुष्कळदा सांगितले आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना लिहायला शिकवणारे त्याहून चांगले पुस्तक मराठीत नाही, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितलेली नाही. बाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट सगळ्या घराला पिडून सोडीत असे. बाई हे सांगताना वडिलांची निंदा करीत नाहीत, समर्थनही करीत नाहीत. काय धुतले, कोणी धुतले, मुलांचे काय हाल झाले, हे सांगतात आणि वाचक हसता हसता थांबतो. स्वतःच्या फजित्या त्या त्याच तटस्थपणे सांगतात. टिळक घर सोडून निघून जातात, १८९५ साली ख्रिस्ती होतात, संसार मोडतो, पुन्हा जुळतो. एवढ्या मोठ्या उलथापालथीत बाईंची वाक्ये आखूड राहतात. त्यांत विशेषणे थोडी आणि माणसे पुष्कळ आहेत.

आम्ही एका पाचवीच्या वर्गात या ग्रंथातले दोन प्रसंग मोठ्याने वाचून दाखवले. भाषा जुनी आहे, मुलांना कळणार नाही, अशी भीती वर्गशिक्षकांना होती. काही शब्द अडले खरे. सोवळे म्हणजे काय हे समजावण्यातच बराच वेळ गेला. पण वाचन संपल्यावर मुलांनी जो पहिला प्रश्न केला तो आम्हांला अनेक समीक्षालेखांहून मोलाचा वाटला. आपल्या वडिलांविषयी असे लिहिले तर चालते काय, असे एका मुलाने विचारले. चालते, एवढे त्या वर्गाला कळले तरी वाचनाचे अर्धे काम झाले.

रमाबाई रानडे यांचे १९१० सालचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तकही याच जातीचे. अकराव्या वर्षी, १८७३ साली, लग्न होऊन आलेल्या मुलीला पती अक्षरे शिकवू लागतात आणि घरातल्या बायका त्यावरून तिचा छळ मांडतात; हा भाग आपल्या मुलींनी वाचावा. शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. आपले आयुष्य सांगायला बसलेली बाई ‘मी’ म्हणायला कचरते. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांमधील ही ओढाताण मराठी आत्मचरित्रात आरंभापासून आहे, आणि शाळकरी मुलांच्या लेखनाचा विचार करताना ती बाजूला सारता येत नाही.

कारण मराठीत शाळेतल्या मुलाने आपल्या जगण्याविषयी लिहिलेल्या आणि छापून आलेल्या ज्या सर्वांत जुन्या लेखनाचे नाव घ्यावे, त्याचा कर्ता ‘आम्ही’च आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. तिने चौदाव्या वर्षी लिहिलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. तीन वर्षांच्या शिक्षणावर या मुलीने तो लिहिला. वेद ज्यांचे त्यांचाच धर्म असेल तर आमचा धर्म कोणता, असा सवाल ती करते. प्रसूत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते आणि पावसाथंडीत त्यांचे काय होते, हे सांगते. आत्मचरित्राच्या रूढ व्याख्येत हा निबंध बसणार नाही. मुक्ता सकाळी किती वाजता उठे, तिला कोणती भाजी आवडे, हे त्यात नाही. पण त्यातले ‘आम्ही’ तिला कोणी वर्गात दिलेले नाही. छप्पर नसलेल्या बायका तिच्या परिचयाच्या आहेत. पावणेदोनशे वर्षांच्या जवळ येऊन ठेपलेला हा निबंध आपल्या शिक्षकांनी एकदा छत्रीच्या आत्मवृत्तापाशी ठेवून वाचावा. सवाल करणाऱ्या मुलीपासून गाऱ्हाणे सांगणाऱ्या छत्रीपर्यंत आपण कसे आलो, याचा शोध घेण्यासारखा आहे.

मुलांकडून लिहून घेताना शिक्षकाचा हात कोठवर असावा, यावर जगात ज्यांनी मनापासून विचार केला त्यांत टॉलस्टॉय यांचे नाव आधी येते. १८५९ ते १८६२ या काळात त्यांनी आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. एकदा त्यांनी एका रशियन म्हणीवर गोष्ट लिहायला सांगितली. चमच्याने घास भरवायचा आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडायचा, अशा अर्थाची ती म्हण. मुलांना जमेना म्हणून ते स्वतः लिहायला बसले, तेव्हा मुले पाठीशी गोळा झाली आणि चुका काढू लागली. फेदका नावाचा मुलगा तर एकेका तपशिलावर अडून बसे. घाईने बाहेर निघालेल्या शेजाऱ्याच्या अंगावर बाईमाणसाचा कोट असला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. टॉलस्टॉय आधी चकित झाले, मग त्यांना उमगले की गरिबाच्या घरात हाताला जे लागेल तेच माणूस अंगावर घेतो, आणि हे त्या मुलाला माहीत आहे, आपल्याला नाही. ते हस्तलिखित पुढे मुलांनीच खेळता खेळता फाडून टाकले आणि त्यांतल्या दोघांनी रात्र जागून ते पुन्हा लिहिले. फेदकाने नंतर एका शिपायाच्या घरची कथा मुलाच्या तोंडून, प्रथमपुरुषी लिहिली. १८६२ च्या आपल्या लेखात टॉलस्टॉय यांनी सरळ प्रश्न टाकला की लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून.

या लेखातही अतिशयोक्ती आहे असे आम्हांला वाटते. टॉलस्टॉयसारखा माणूस शेजारी बसलेला असताना फेदकाची गोष्ट पूर्णपणे फेदकाची राहिली असेल, हे मानणे कठीण आहे. परंतु बाईच्या कोटाची गोष्ट विसरता येत नाही. त्या मुलीच्या लेखातले ‘वावर’ हा आपल्याकडचा बाईचा कोट होता आणि आम्ही तो उतरवून तेथे इस्त्रीचा सदरा चढवला.

भाषेचा हा मुद्दा आदिलाबादेत इतर कोठल्याहीपेक्षा अधिक नाजूक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा या तालुक्यांची वाट वेगळी झाली आणि पैनगंगेच्या अलीकडची आपली गावे आंध्र प्रदेशात राहिली. २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. इतक्या वर्षांत आपल्या मुलांच्या बोलण्यात काय काय मिसळले हे सांगायला नको. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजारात तेलुगू, बसस्टँडवर दखनी उर्दू, आणि गुड्यांजवळच्या गावांत गोंडीही. मूल शाळेला बडी म्हणते, मोठ्या बहिणीला अक्का म्हणते. २०१८ च्या कायद्याने तेलुगू शिकणे सर्व शाळांत आवश्यक झाले आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. जेथे राहायचे तेथली भाषा आलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की या मुलाने मराठीत स्वतःविषयी लिहायचे म्हटले तर कोणत्या मराठीत लिहावे? पुण्याच्या प्रमाण मराठीत लिहिले तर त्याची अक्का जाते, बडी जाते, वावर जाते. उरते ते कोणाचेही असू शकेल असे बालपण.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात एक जुना प्रयोग झाला होता, त्याची आठवण द्यावीशी वाटते. १९४० नंतरच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारच्या वतीने मार्लवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू केली. त्या वेळी तयार झालेली वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत होती, कारण या भागातल्या गोंडांना मराठीचा शेजार होता. याच काळात जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आत्मसात केली आणि १९४९ साली आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे ‘जीवनसेतू’ या नावाने आपले आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. लिपी एकाची, भाषा दुसऱ्याची, अशी देवाणघेवाण येथे नवी नाही. गोंड मुलाने आपल्या भाषेतले शब्द देवनागरीत वाचावेत असे ज्यांना ऐंशी वर्षांपूर्वी वाटले, त्यांच्यापुढे आपण मराठी मुलाच्या वहीतले ‘वावर’ तांबड्या शाईने खोडतो हे कसे दिसेल?

सरहद्दीवरचे एक उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. जिवती आणि केरामेरी यांच्या दरम्यानची चौदा गावे दोन्ही राज्ये आपली म्हणतात. तेथे दोन्हीकडच्या शाळा आहेत, दोन्हीकडची मतदानेही होत आली आहेत. शाळेत ‘माझा परिचय’ लिहायला सांगतात तेव्हा नाव, गाव, जिल्हा, राज्य अशा क्रमाने लिहायचे असते. परमडोलीच्या मुलाने तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत काय लिहावे? मुलांकडून आत्मवृत्त घेणाऱ्या शिक्षकाला येथे सोन्याची खाण सापडली आहे, पण तक्ता भरून घेण्याच्या घाईत ती दिसत नाही. त्या दोन ओळींत काय लिहिता येत नाही आणि का, हेच त्या मुलाचे आत्मचरित्र होईल.

येथवर आम्ही जणू मुलांनी खरे तेच लिहिले की सगळे साधले, अशा थाटात लिहीत आलो. तसे नाही. खऱ्याला किंमत पडते, आणि ती मुलालाच द्यावी लागते. आनंद यादव यांच्या १९८७ सालच्या ‘झोंबी’त शाळेसाठी तडफडणारा मुलगा आहे आणि त्याला शाळेतून काढून शेतात राबवणारा बापही आहे. दया पवार यांच्या १९७८ सालच्या ‘बलुतं’मध्ये दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात, जे एकाने सोसले ते दुसऱ्याने लिहायचे, एवढे अंतर ठेवल्यावाचून ते सांगताच येत नव्हते. हे दोन्ही लेखक प्रौढ होते. काय उघड करायचे हे त्यांनी ठरवले आणि परिणामही भोगले. दहा वर्षांच्या मुलीने बाप पिऊन येतो असे वहीत लिहिले, शिक्षकांनी ते कौतुकाने वर्गात वाचून दाखवले आणि संध्याकाळी गावभर झाले, तर त्या रात्री घरात काय होईल याचा विचार कोण करणार? मुलांच्या लेखनाचे भिंतीवर प्रदर्शन मांडणाऱ्या हौशी मंडळींनी, आमच्यासारख्या संस्थांनी तर विशेषच, येथे थबकले पाहिजे. ज्या घरात शिक्षण पहिल्यांदाच आले त्या घरातले मूल अधिक खरे लिहिते आणि अधिक उघडे पडते. सुखवस्तू घरातल्या मुलाला लपवायला काका असतो.

म्हणून लिहिण्याआधी न दाखवण्याचा हक्क शिकवावा, असे आम्ही म्हणू. वहीचे एक पान दुमडून ठेवायचे आणि ते शिक्षकही उघडणार नाहीत, एवढा विश्वास वर्गात निर्माण झाला तरच उरलेली पाने खरी होतील. लक्ष्मीबाईंनीही सगळे सांगितलेले नाही. आत्मचरित्र वाचायला शिकणे म्हणजे लेखकाने काय गाळले याचा अंदाज करायला शिकणेही आहे, आणि हे पाचवीतल्या मुलांना चांगले जमते. मोठी माणसे काय लपवतात यावर त्यांचे बारीक लक्ष असतेच.

विषय कोणते द्यावेत, याबद्दल थोडेसे. ‘माझे जीवन’ हा विषय दहा वर्षांच्या मुलाला देऊ नये. त्याच्यापाशी जीवन नाही, दिवस आहेत. अंगावरच्या एखाद्या व्रणाची हकीगत, आपले नाव कोणी व का ठेवले, घरात कोणती भाषा कोणाशी बोलतात, वेचणीच्या दिवसांत शाळा बुडते तेव्हा काय होते, पोळा आणि बतुकम्मा एकाच अंगणात कसे साजरे होतात. नावाच्या विषयाला आपल्या घरांत आजी-आजोबांना विचारावे लागते आणि मग इनाम, वतन, देशमुखी असे कूळपुराण सुरू होते. आजोबांना ते मुलाच्या वहीत उतरावे असे फार वाटते. मुलाने मात्र लिहावे ते सांगताना आजोबा कसे बसले होते, त्यांना मध्येच कोणते नाव आठवेना, आजीने मागून काय दुरुस्त केले, हे. कूळपुराण लिहायला आपण मोठी माणसे आहोत.

आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज इंग्रजी शाळांत आहेत. ती मराठी बोलतात, कित्येक वाचतातही, पण लिहीत नाहीत. ‘माझी गोष्ट’ हे त्यांच्या हातून उतरणारे कदाचित एकमेव मराठी लेखन असेल. ते अशुद्ध असेल, त्यात तेलुगू शब्द असतील, र्‍हस्वदीर्घाचा मेळ नसेल. ते सुधारून देण्याचा मोह काकांना होईल. आम्हांलाही झाला होता.

मंडळाची स्पर्धा यंदा पुन्हा होईल. तीत क्रमांक काढले जाणार नाहीत आणि शुद्धलेखनाचे गुण नसतील. आलेला मजकूर जसाच्या तसा ठेवला जाईल, आणि लिहिणाऱ्या मुलाने होकार दिल्याखेरीज तो छापला वा वाचला जाणार नाही. पालकांचा होकार त्याऐवजी चालणार नाही. मागच्या वेळी जिचा मजकूर आम्ही बिघडवला ती मुलगी आता आठवीत आहे. तिचे मूळ पान आमच्या कपाटात सापडले, ते तिला परत केले आहे. ते ‘वावर’सह पुन्हा छापू काय, असे आम्ही विचारले. विचार करून सांगते, असे ती म्हणाली.